चाल आणि नाममुद्रा

प्रस्तावना

२०१० च्या सुमाराला परभणीच्या स्टेशन रोडवर मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. आपण दोन जीबीचं कार्ड द्यायचं, दुकानातला पोरगा ते कॉम्प्युटरला लावायचा आणि पडद्यावरची नजर न काढता विचारायचा, "काय टाकू दादा? हिंदी, मराठी, का डीजे?" पडद्यावर पिवळ्या फोल्डरांची रांग असायची. जुनी हिंदी, कव्वाली, भीमगीतं, भक्तिगीतं, लग्नाची गाणी आणि 'डीजे नवीन'. 'डीजे' हे त्याच्या लेखी हिंदी-मराठीसारखंच एक वेगळं खातं होतं. मी म्हणालो, "सगळ्यात नवीन असंल ते टाक." त्यानं ते अख्खं फोल्डर ओढून कार्डात सोडलं.

रात्री गच्चीवर इअरफोन लावून ऐकत बसलो. एक ओळखीचं मराठी गाणं सुरू झालं, पण त्याच्या पायाखाली कुणीतरी हलगी पेरली होती. मुखडा दोनदा आला, ताशासारखा एक आवाज दुप्पट, चौपट वेगानं वाजत वर चढला आणि सगळं एकदम थांबलं. त्या शांततेत एक बाई यंत्रातून आल्यासारख्या आवाजात एका डीजेचं नाव घेऊन गेली. मग खालून बेस आला. फाइलच्या नावात गाण्याचे अर्धे शब्द होते, पुढे कुठल्यातरी संकेतस्थळाचं नाव चिकटवलेलं. गायक, गीतकार, संगीतकार कुणाचाच पत्ता नव्हता. कळलं ते एवढंच, मधे कुजबुजून गेलेलं ते एक नाव. दुसऱ्या दिवशी मी त्या नावाचा माग काढायला लागलो. हे पुस्तक त्या मागावरच उभं राहिलं आहे.

नव्या वाचकासाठी आधी तीन शब्दांचा उलगडा करतो. आधीच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे घेऊन, त्यांचा वेग, ताल, क्रम बदलून त्यातून नवी चीज उभी केली की तिला रिमिक्स म्हणतात. इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत म्हणजे सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि कॉम्प्युटर यांवर रचलेलं, नाचणाऱ्या पायांसाठी बांधलेलं संगीत. इंडी पॉपचा प्रांत वेगळा. सिनेमाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय, बहुतेकदा स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पैशानं केलेलं सुटं गाणं म्हणजे इंडी पॉप. हे तिन्ही प्रकार एकाच पुस्तकात का घेतले, असं कुणी विचारील. ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये ते शेजारी शेजारी राहतात, आणि तिन्ही सापडायला सारखेच अवघड आहेत, म्हणून.

'रिमिक्स' हा शब्द आपल्याकडे उशिरा आला. ते काम मात्र आपण फार आधीपासून करत आलो आहोत आणि त्याला आपला स्वतःचा शब्द आहे: चाल लावणं. भजनी मंडळात एकच अभंग सोमवारी एका चालीवर आणि एकादशीला दुसऱ्या चालीवर म्हटला जातो. गाजलेल्या सिनेगीताच्या चालीत अभंग बसवणारा कीर्तनकार आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. कलापथकांनी, जलशांनी, लग्नातल्या बायकांनी, भीमगीतं लिहिणाऱ्यांनी लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली घेतल्या आणि त्यांत आपलं म्हणणं भरलं. शब्द ठेवून चाल बदलायची, किंवा चाल ठेवून शब्द बदलायचे, हे दोन्ही आपल्या कानाला पूर्ण सवयीचं. परभणीच्या श्रोत्याला रिमिक्स समजावून सांगावा लागत नाही, तो याच सवयीमुळे.

आपल्या जिल्ह्यात गोदावरीकाठी गंगाखेड आहे. ते संत जनाबाईंचं गाव. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या बाईचे अभंग आजवर किती चालींतून गेले असतील याची मोजदाद होणार नाही. जात्यावरच्या ओवीत, पखवाजावर, पेटीवर, रेडिओवर, कॅसेटवर आणि आता रॉक बँडच्या गिटारवरही ते गेले. इतक्या हातांतून जाऊनही ते जनाबाईंचेच राहिले, कारण अभंगाच्या शेवटी त्यांनी आपलं नाव ओवून ठेवलं होतं. चाल कुणाचीही असो, शेवटचा चरण आला की कर्ती समोर उभी राहते. या नाममुद्रेचा विचार मी गेली काही वर्षं सतत करतो आहे. मेमरी कार्डातल्या गाण्यात मधेच कुजबुजणारी ती बाई काय करत होती? डीजेची मुद्रा उमटवत होती. आपलं काम हजार फोनांतून फिरणार, फाइलचं नाव पुसलं जाणार, हे त्या अनाम पोराला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं आपलं नाव थेट आवाजातच शिवून टाकलं. या आवाजी शिक्क्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यात जुनी, शहाणी रीत दिसते.

याच जिल्ह्यातलं ताडकळस घ्या. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. या संग्रहात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आता कुणालाही घरबसल्या ऐकता येतात. प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. नवं संगीत शोधायला निघालेल्या तरुणाला मी आधी हा संग्रह ऐकायला सांगतो. जात्याच्या फेऱ्यावर आवाज कसा टेकतो, श्वास कुठे घेतला जातो, हे एकदा कानात बसलं, की एकाच आवर्तनावर तासभर चालणारं हाउस नावाचं नाच-संगीत परकं वाटत नाही. फेऱ्याची गोडी कळायला कान आधी फेऱ्यात बसावा लागतो.

जगाकडे वळू, पण तिथे फार रेंगाळायचं नाही. जमैकात साठच्या दशकाच्या अखेरीस गाण्यातला आवाज काढून नुसता ताल-बेस वाजवायची रीत पडली. किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी त्यात घुमारे आणि प्रतिध्वनी भरले, त्यातून डब निघालं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला टॉम मोल्टननं नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवली. शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा. त्या क्लबच्या नावावरून हाउस हे नाव पडलं. डेट्रॉइटला हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी टेक्नो घडवलं. यातले बहुतेक जण कृष्णवर्णीय, हाताशी स्वस्त यंत्रं असलेले होते. जपानी कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं बाजारात चालली नाहीत, जुन्या मालाच्या दुकानात पडत्या भावानं मिळू लागली, म्हणून ती या पोरांच्या हाती लागली. नाचाचं नवं संगीत जगात अनेकदा असंच जन्मलं आहे, कुणीतरी टाकून दिलेल्या यंत्रातून.

इथे एक मुंबईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी हीच दोन यंत्रं आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची रेकॉर्ड काढली. ती फारशी खपली नाही, लोक विसरून गेले. पुढे १९८७ मध्ये शिकागोहून ॲसिड हाउसची पहिली गाजलेली रेकॉर्ड आली. तिच्यातला तो वळवळणारा, चिवट सूर मुंबईत पाच वर्षं आधी वाजून गेला होता. एका डच संग्राहकाला ती जुनी तबकडी सापडली, २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली आणि वयाची सत्तरी गाठताना चरणजित सिंगांना जगभरातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. अठ्ठावीस वर्षं ती चीज आपल्यातच पडून होती, आणि ती शोधणारा कान नेदरलँड्समधून यावा लागला. हे मला फार लागतं. आज परभणीत, जिंतुरात, सेलूत कुणी काय करून ठेवतं आहे हे आपण आजच ऐकलं पाहिजे, हा या पुस्तकामागचा ध्यास तिथूनच आला.

आपल्याकडे मोठी उलथापालथ कॅसेटनं केली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गाणं तालुक्याच्या बाजारात टोपलीत येऊन बसलं. टी-सीरिजनं जुनी सिनेगीतं नव्या आवाजांत गाऊन विकली, त्यासाठी कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेतला. त्याच काळात आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्यानं मराठी कॅसेट घराघरांत नेली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं तर एस.टी. स्टँडापासून शेतातल्या आखाड्यापर्यंत वाजायची. गावात सिनेमा नसला तरी टेपरेकॉर्डर होता. इंग्लंडहून बॅली सागूनं १९९४ च्या सुमारास जुनी हिंदी गाणी नव्या ठेक्यावर आणली आणि २००२ मध्ये 'कांटा लगा' आलं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधि'मधलं, लता मंगेशकरांनी गायलेलं. रिमिक्सनं जुन्याची वाट लावली, असा आरडाओरडा तेव्हा झाला. पण त्या वर्षी परभणीतल्या कितीतरी पोरांनी मूळ गाणं पहिल्यांदा शोधून ऐकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१२ साली कायदा बदलला. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाल्याशिवाय आणि मानधन भरल्याशिवाय दुसऱ्या आवाजातली आवृत्ती काढता येत नाही, असं ठरलं. गल्लीतल्या रिमिक्सवाल्यापर्यंत हा बदल पोचलाच नाही.

या गल्लीतल्या घराण्याला पुस्तकात सगळ्यात जास्त जागा दिली आहे. मराठवाड्याचं खरं नवं नाच-संगीत इथेच घडतं, अशी माझी खात्री आहे. वरात, जयंती, गणपती, उरूस, निवडणुकीचा गुलाल, कशालाही 'डीजे' लागतो. डीजे म्हणजे माणूसही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंतही, आणि त्यावर वाजणारं गाणंही. हे गाणं बनवणारा पोरगा बहुतेकदा विशीतला असतो. कॉम्प्युटर जुना, सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ, खोलीत पंखा बंद, कारण पंख्याच्या आवाजात खालचा बेस नीट कळत नाही. मानवतकडच्या अशा एका पोराशेजारी मी एक अख्खी दुपार बसलो होतो. आधी त्यानं मूळ गाण्याचा वेग मोजला. मग गाणं ताणून वेग वाढवला, पण गाणाऱ्या बाईचा आवाज चिरका होणार नाही इतपतच. त्याखाली हलगीची एक आवर्ती पट्टी टाकली. जुन्या गाण्यातली मूळ ढोलकी या नव्या हलगीला आडवी जायची, तेव्हा तो कपाळाला आठ्या घालून ढोलकीच्या प्रत्येक थापेशी हलगीचा घाव हातानं जुळवत होता. एका कडव्याला पाऊण तास. "पूर्वी आवाज वेगळा काढताच येत नव्हता काका," तो म्हणाला, "मग ढोलकीच्या अंगावरच ठोका टाकायचा, दुसरा इलाजच नाही." आता आवाज आणि वाद्यं सुटी करून देणारी साधनं फुकट मिळतात. डीझर कंपनीनं २०१९ मध्ये असं एक साधन सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यानंतर या कामाची तऱ्हाच पालटली. जाणता कान आजही ओळखतो, की आवाजामागे जुन्या ढोलकीची सावली ऐकू येते ते गाणं आधीचं, आणि आवाज धुतल्यासारखा कोरा येतो ते नंतरचं.

याच घराण्यात 'साउंड चेक' नावाचा एक प्रकार आहे. त्यात गाणं नावापुरतं. स्पीकर किती खोल जातो, वरचे भोंगे किती टोकदार फुटतात, हे दाखवण्यासाठीच ते केलेलं असतं. दोन गावांचे डीजे समोरासमोर लागले की हे तुकडे बाहेर निघतात. बाहेरचा माणूस याला गोंगाट म्हणेल. मला त्यात शांततेचा फार बारीक उपयोग दिसतो. घाव पडण्याआधीचा तो अर्धा क्षण किती लांबवायचा, याचं गणित या पोरांना अचूक येतं. हलगीवाल्यालाही ते यायचं.

गोंगाटाची बाजू टाळून पुढे जाणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे. वरातीतला आवाज याच्या कितीतरी पलीकडे जातो. माझ्या गल्लीत मिरवणूक आली तेव्हा खिडकीची काच थरथरत होती आणि आतल्या खाटेवर आजारी म्हातारी दोन्ही हातांनी कान दाबून बसली होती. कुठल्याही कलेला हा हक्क नाही. रिमिक्स करणारा पोरगा आणि भिंत उभी करणारा सप्लायर यांना मी वेगळं धरतो. त्या पोराचं काम इअरफोनवर, हळू आवाजात ऐकलं तरी तितकंच दमदार असतं. किंबहुना तसं ऐकलं तरच त्याची कारागिरी दिसते. या पुस्तकातली सगळी गाणी मी आधी हळू आवाजात ऐकली आणि मगच निवडली.

दुसरं घराणं समुद्राकडून आलं. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या पार्ट्या व्हायच्या, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांत यंत्रसंगीत शिरलं आणि नव्वदीत त्यालाच गोवा ट्रान्स म्हणू लागले. २०२३ मध्ये गेलेला गोवा गिल हा त्यातला सगळ्यात नावाजलेला माणूस. २००७ साली कांदोळीला सनबर्न महोत्सव सुरू झाला आणि २०१६ मध्ये तो पुण्याला आला. पुण्याला आला म्हणजे एका अर्थानं परभणीलाच आला, कारण आपली अर्धी तरुणाई शिकायला आणि नोकरीला पुण्यातच असते. दिवाळीला ट्रॅव्हल्समधून उतरताना हीच पोरं नवी गाणी घेऊन येतात. या घराण्याला मराठी तोंड मिळालं ते अगदी अलीकडे. निर्माता क्रेटेक्स आणि गायक श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं. हाउसच्या चौकात ठोकलेले मराठी शब्द युरोपातल्या क्लबांत वाजले. पुण्यात वाढलेला आणि ध्रुपद शिकलेला रित्विझ 'उड गये'नं २०१७ पासून हिंदीत गाजतो आहे. या लोकांचं काम ऐकताना शाळा वेगळी असल्याचं जाणवतं. गल्लीतला रिमिक्स वीस सेकंदांत पकड घेतो, कारण वरात पुढे सरकत असते. क्लबचं संगीत सहा मिनिटं थांबू शकतं, कारण ऐकणारा दार लावून आत आलेला असतो.

इंडी पॉपचं बीज आपल्याकडे भावगीतात आहे. सिनेमाशी संबंध नसलेलं, एका कवीचं, एका गायकाचं सुटं गाणं ही मराठीची जुनी श्रीमंती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला आणि पाऊस म्हटलं की तोच अल्बम आठवू लागला. २००३ पासून सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी 'आयुष्यावर बोलू काही'चे प्रयोग गावोगाव केले. पुढे 'अभंग रिपोस्ट'सारख्या बँडनं अभंगाला रॉकची चाल लावली. रॅपकडे मी पुस्तकात थोडक्यातच वळलो आहे, तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. तरी स्वदेसी या गटानं प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी केलेलं 'द वारली रिव्होल्ट' आणि अमरावतीच्या १०० आरबीएच या रॅपरची वऱ्हाडी लय ऐकल्याशिवाय आजचं मराठी गाणं कळणार नाही. आणि मग जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड. त्याचं 'गुलाबी साडी' २०२४ च्या सुरुवातीला आलं. मागे सिनेमा नाही, नायक नाही. साडी नेसलेल्या बायकांनी, शाळेतल्या मुलींनी, परदेशातल्या लोकांनी त्यावर छोटे व्हिडिओ केले आणि ते गाणं जगभर गेलं. खानदेशच्या एका पोरानं सुट्या गाण्याच्या जोरावर हे करून दाखवलं, त्यानंतर गंगाखेड-पाथरीच्या पोरांनी माइक विकत घ्यायला सुरुवात केली. तो बदल मी जवळून पाहतो आहे.

आता नवं गाणं आपल्यापर्यंत येतं कसं, हे बघू. रेडिओच्या काळात ते निवेदकाच्या तोंडून यायचं. आकाशवाणीवरच्या 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमात गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार सांगितले जायचे आणि फर्माईश करणाऱ्याचं नाव-गावही. आमच्या घरात आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठलं गाणं कुणी बांधलं हे तिला तोंडपाठ होतं. कॅसेटच्या खोक्यात निदान कागद असायचा. मेमरी कार्डानं तो कागद खाल्ला. गाणी अमाप झाली आणि नावं गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, आणि निवडायचं काम हळूहळू यंत्राकडे गेलं. हे यंत्र बहुतांशी गाणं ऐकून निवडत नाही. ज्यांनी हे ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं, याच्या लाखो जोड्या ते लावतं आणि त्यातलं आपल्यापुढे ठेवतं. ज्या गाण्याला अजून दोनशेच ऐकणारे आहेत, त्याच्या जोड्या फारशा लागत नाहीत. त्यामुळे ते फारसं कुणापुढे येत नाही, आणि कुणापुढे येत नाही म्हणून ऐकणारे दोनशेच राहतात. २०२४ पासून तर वर्षात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाचं मानधनच देत नाही. परभणीत बसून केलेल्या गाण्याला हजार हा आकडा पहिल्या वर्षी फार मोठा असतो. आता यंत्रांनी रचलेल्या गाण्यांचा लोंढाही त्यात मिसळतो आहे. म्हणून आज माणसानं माणसाला गाणं सांगणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

पुस्तकात जे करायचा प्रयत्न केला आहे ते एवढंच. कुठलं गाणं थोर आणि कुठलं हलकं, अशी उतरंड मी लावलेली नाही. माग काढायच्या रीती सांगितल्या आहेत आणि त्या प्रत्येक रीतीनं मला काय सापडलं ते मांडलं आहे. रिमिक्स आवडला तर मूळ गाण्याकडे उलटं जायचं. गायकाच्या नावापाशी थांबायचं नाही, निर्मात्याच्या नावाकडे जायचं, मग त्यानं आणखी कुणासाठी काम केलं ते पाहायचं. एखाद्या छोट्या कंपनीनं काढलेली सगळी गाणी ओळीनं ऐकायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरातीत स्पीकरमागे उभ्या असलेल्या ऑपरेटरला जाऊन "हे कुणाचं आहे?" असं विचारायचं. तो सांगतो. कुणी विचारत नाही म्हणून तो गप्प असतो. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात पाळण्यांच्या आणि दुकानांच्या गर्दीत चारी बाजूंनी वेगवेगळी गाणी वाजत असतात. तिथे एका संध्याकाळी वही घेऊन फिरलो आणि महिनाभर पुरेल इतका ऐवज घेऊन घरी आलो.

एक रुखरुख राहिली आहे, ती इथे नोंदवतो. गल्लीतल्या हजारो रिमिक्समध्ये वाजणारी हलगी ही बहुतेकदा मोजक्याच मुद्रणांतून आलेली आहे. कधीतरी, कुठल्यातरी गावात एक वादक माइकपुढे दोन मिनिटं वाजवून गेला. त्याचे तुकडे झाले, ते फाइलींत बांधले गेले, हातोहात फिरले, आज ते संबंध महाराष्ट्राच्या वरातींत वाजत आहेत. त्याच वरातींत पूर्वी त्याला बोलावणं असायचं, आता नसतं. डीजेचं नाव गाण्यात आहे, त्याचं कुठेच नाही. एका पट्टीच्या मागावर मी तीन वर्षं होतो. एका पोरानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, शेवटी माग एका बंद पडलेल्या स्टुडिओपाशी तुटला. जिथे वादक सापडले तिथे त्यांच्या परवानगीनं त्यांची नावं मी गाण्याच्या नावाच्याही आधी छापली आहेत. जिथे सापडले नाहीत तिथे ती ओळ रिकामी ठेवली आहे, म्हणजे कुणाला ठाऊक असेल तर त्याला लिहिता येईल.

पुस्तकाच्या शेवटी चोवीस कोरी पानं बांधली आहेत. प्रत्येक पानावर चार रकाने आखले आहेत: तारीख, गाणं, कुणी बांधलं, आणि कुणी ऐकवलं. पहिल्या पानाची पहिली ओळ मी भरून दिली आहे. तिच्या चौथ्या रकान्यात स्टेशन रोडवरच्या त्या दुकानातला पोरगा आहे.